आकडा तपासावा

जाहिरात टाचणीताईंच्या टेबलावर आली तेव्हा त्यांनी नुकताच चष्मा पुसून नाकावर चढवला होता. मजकूर चार ओळींचा. पण आमच्या प्रकाशन संस्थेत दारावरची पाटीसुद्धा ताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय रंगाऱ्याकडे जात नसे. तसा मोठ्या साहेबांचा नियमच होता. तेव्हा 'तपासून द्यावे' असा शेरा मारून धाकट्या साहेबांनी तोही कागद खाली पाठवून दिला.

'संपादकीय सहाय्यक पाहिजे. अनुभव किमान दोन वर्षे. पगार दरमहा चौतीस हजार. अर्ज पंधरा दिवसांत पाठवावेत.'

ताईंनी आधी 'सहाय्यक'चं 'साहाय्यक' केलं. हीच चूक त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रावर सोळा वर्षं होती. दुरुस्त करून मागितलं की 'पुढच्या वेळी छापू तेव्हा बघू' हे उत्तर ठरलेलं. मग त्यांनी चौतीस हजाराखाली बारीक रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'आकडा तपासावा.' कुठल्याही लेखकाची बेरीज चुकली, साल चुकलं की त्या हेच दोन शब्द लिहीत.

कागद वर गेला. अर्ध्या तासात परत आला. रेघेशेजारी धाकट्या साहेबांचं तिरपं अक्षर : 'आकडा बरोबर आहे. पुढे पाठवा.'

पुढे म्हणजे माझ्याकडे. मी पानांची मांडणी करतो. ताईंनी कागद माझ्यासमोर ठेवला. "चौकट जाड घाल," म्हणाल्या. "लांबून दिसली पाहिजे." आणि सरळ जिना चढून वर गेल्या.

काम वाढलं होतं म्हणून ताईंच्या जोडीला आणखी एक माणूस घ्यायचा होता. हुद्दा तोच, टेबल शेजारचं, आणि काम शिकवणार ताईच. सोळा वर्षांनंतर ताईंचा पगार होता तेवीस हजार पाचशे.

टाचणीताई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. शंका आली की त्या ओळीला कागदाची पट्टी टाचणीने लावायची, ही त्यांची सवय. शिवाय अंगकाठी तशीच आणि बोलणंही तसंच. एका नामांकित लेखकाने "माझ्या भाषेला हात लावायचा नाही" असं बजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हात नाही लावत हो. पडलेलं तेवढं उचलून ठेवते."

आमच्याकडे येण्याआधी त्या शाळेत बदली शिक्षिका होत्या. मुलगी लहान, नवऱ्याची नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, त्याला वेळ-काळ नाही. म्हणून ठरावीक वेळेची नोकरी पाहिजे होती. मोठे साहेब तेव्हा म्हणाले, "सहा महिने सांभाळून घ्या, मग पगाराचं बघू." सहा महिन्यांची पाच वर्षं झाली तेव्हा त्यांना कायम केलं. मग दर वर्षी सहाशे, कधी सातशे वाढ. दोन वर्षं तीही नाही, कारण कागद महागला होता. कागद महागला की कागदवाल्याला जास्त पैसे मिळतात. त्याची भरपाई ताईंच्या पगारातून का व्हायची, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

लोकांना वाटतं, या बायका खुर्चीत बसून पुस्तकं वाचतात. चैन आहे! एकदा त्रिकोणमितीचं मार्गदर्शक आलं. आठशे चाळीस गणितं, मागे उत्तरं. ताईंनी ती सगळी स्वतः सोडवली. त्रेसष्ट उत्तरं चुकीची निघाली. कुणी सोडवायला सांगितलं होतं का? नाही. "मुलं उत्तर बघतात, जुळलं नाही की स्वतःलाच ढ समजतात," एवढंच म्हणाल्या.

घरगुती विजेच्या दुरुस्तीवरचं पुस्तक आलं होतं तेव्हाची गोष्ट तर आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. एका आकृतीत दोन तारा उलट दाखवल्या होत्या. ताईंना विजेतलं काही कळत नाही, पण मागच्या पानावरच्या वर्णनाशी हे चित्र जुळत नाही एवढं कळलं. त्या ते पान नवऱ्याकडे घेऊन गेल्या. तो जेवत होता. पान बघितलं आणि त्याने ताट बाजूला सरकवलं. "हे असं जोडलं तर वाचणारा दुसऱ्या आवृत्तीपर्यंत टिकायचा नाही," म्हणाला. छपाई सुरू व्हायला एक दिवस होता. थांबवली. मोठ्या साहेबांनी ताईंना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. लेखकाने प्रस्तावनेत 'प्रकाशकांच्या चोखंदळ नजरेचे' आभार मानले. त्या वर्षी ताईंची वाढ सहाशे.

या कामाचं दुर्दैवच असं आहे. चूक राहिली तर सगळ्यांना दिसते. काढली तर तिथे काही होतं हेच कुणाला कळत नाही. आणि वाचता काय, सगळ्यांनाच येतं. मग त्याचे पैसे कशाला द्यायचे?

वर काय झालं ते ताईंनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या सांगण्यात एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

धाकटे साहेब म्हणजे मोठ्या साहेबांचे चिरंजीव. बाहेर जाऊन व्यवस्थापन शिकून आलेले. मोठे साहेब आता आठवड्यातून दोनदा येतात, कारभार यांच्याच हातात.

"बसा ना ताई."

"उभीच बरी. चौतीस हजार?"

"बाजारात तोच दर आहे. त्याच्या खाली माणूस मिळत नाही."

"मी मिळाले की."

साहेब हसले. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही घरच्या."

"पाहुण्याला ताट आणि घरच्याला खरकटं, असं कुठलं घर आहे हे?"

साहेबांनी खणातून एक तक्ता काढला. रंगीत चौकोन होते त्यात. पगार कशावर ठरतो ते त्यांनी शांतपणे समजावलं. पदवी कुठली. कॉम्प्युटरवर कुठकुठली कामं येतात. आधी किती संस्थांत काम केलं. आणि सगळ्यांत मोठा नियम : आत असलेल्या माणसाला वर्षाला पाच टक्क्यांच्या वर वाढ देता येत नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र बाजारभाव द्यावा लागतो.

"म्हणजे मी आज राजीनामा दिला आणि उद्या अर्ज केला, तर चौतीस?"

"तसं नाही. तुमचा अनुभव एकाच संस्थेतला. त्याला बाजारात वजन नसतं."

"आणि नव्या माणसाला शिकवणार कोण?"

"तुम्हीच! तुमच्याइतकं कोण शिकवू शकतं?"

ताई गप्प राहिल्या. ते बघून साहेबांना वाटलं, पटलं. म्हणून त्यांनी वर एक वाक्य जोडलं, जे जोडलं नसतं तर कदाचित पुढचं काही झालंही नसतं. "शिवाय तुमचे यजमान कमावते आहेत. तुमच्या पगारावर काही घर चालत नाही."

"माझे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात," ताई म्हणाल्या. "तुमची पुस्तकं तपासत नाहीत. एकदा तपासलं एक पान, तर त्याचंही तुम्ही त्यांना काही दिलं नाहीत."

खाली आल्या त्या जेवणाच्या सुट्टीत. आम्ही सात जण लांब टेबलाभोवती डबे उघडून बसलो होतो. ताईंनी डबा उघडलाच नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "कुणाला किती मिळतात? खरं सांगायचं."

असं कुणी आमच्याकडे विचारत नाही. नेमणूकपत्रातच कलम आहे, पगार दुसऱ्याला सांगू नये. हिशेबनीस डब्यात काहीतरी हरवल्यासारखा बघत बसला. त्याला तर सगळ्यांचे आकडे तोंडपाठ. चित्रं काढणारी बाई म्हणाली, "जाऊ दे ना ताई, कशाला जिवाला त्रास." विक्रीवाला हात धुवायला उठला.

ताई माझ्याकडे वळल्या. "तुला रे?"

"तेवढेच," मी म्हणालो. "पंचवीसच्या आत."

मला अडतीस मिळत होते. मी ताईंच्या सात वर्षं मागाहून आलो. माझी पहिली चार पुस्तकं ताईंनीच सावरली, नाहीतर मला दारातूनच परत पाठवलं असतं. मला अडतीस का? एक तर मी ज्या प्रोग्रामवर काम करतो तो वर कुणाला कळत नाही, आणि कळत नाही त्याचे पैसे लोक भीतीपोटी देतात. दुसरं म्हणजे, तीन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या संस्थेचं नेमणूकपत्र आणून धाकट्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. पाच टक्क्यांचा तो थोर नियम तेव्हा कुठे फिरायला गेला होता कोण जाणे. अकरा हजारांची वाढ एका दुपारी झाली.

हे सगळं त्या टेबलावर सांगता आलं असतं. मी घास घेतला.

घरी गेल्यावर ताईंनी नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. मुलगी कॉलेज सांभाळून मोबाइलच्या दुकानात काम करते. तिने हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, मला गेल्या महिन्यात एकोणीस मिळाले. कव्हरं विकून. तू मला कधी सांगितलंच नाहीस तुझा आकडा."

"लाज वाटायची," ताई म्हणाल्या.

"लाज त्यांना वाटली पाहिजे की तुला?" ती ओरडलीच.

नवरा हात पुसत आला. त्याचं डोकं यंत्रासारखं चालतं, बिघाड कुठे आहे तेवढंच बघतो. "बाहेरच्याला चौतीस आहे ना? मग बाहेरून जा. अर्ज कर."

ताईंनी अर्ज केला. साधासुधा नाही. अकरा पानांचा. तपासलेल्या दोनशे सत्त्याऐंशी पुस्तकांची यादी, वर्षवार. टेबलावर ठेवता आला असता, पण त्यांनी तिकिटं लावून तो टपालाने पाठवला. आमच्याच दारात टपालवाला तो देऊन गेला, स्वागतकक्षातल्या मुलीने नोंद केली. अर्ज क्रमांक एकोणीस.

अर्जांची छाननी बाहेरच्या एका सल्लागार बाईंकडे होती. त्यांना आमच्यातलं कुणी माहीत नव्हतं. त्यांनी बावीसातून पाच निवडले आणि गुणांप्रमाणे क्रम लावला. पहिलं नाव ताईंचं. धाकट्या साहेबांनी यादी बघितली तेव्हा म्हणे ते हसले. येऊ दे, म्हणाले, चार लोकांसमोर बसल्या की आपली जागा आपोआप कळेल.

मुलाखतीच्या दिवशी ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'मुलाखत'. बारा वाजता टेबल आवरलं, पुढच्या दाराने बाहेर गेल्या, साडी नीट केली, त्याच दाराने आत आल्या आणि बाकीच्या चौघांच्या रांगेत बाकावर बसल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने चहा विचारला तर म्हणाल्या, "उमेदवारांना देता ना? मग चालेल."

मी आतच होतो. उमेदवारांना कॉम्प्युटरवर दोन पानांचा मजकूर द्यायचा, त्यात मुद्दाम पेरलेल्या चाळीस चुका शोधायच्या. ती चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे होतं. टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब, धाकटे साहेब आणि सल्लागार बाई.

ताई आल्या, बसल्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "सध्या कुठे काम करता?"

"इथेच. खालच्या मजल्यावर, खिडकीशेजारी."

बाईंनी कागद चाळला, मग धाकट्या साहेबांकडे बघितलं. साहेब पेन फिरवत होते. बाईंनी स्वतःला सावरलं. "मग नोकरी का बदलायची आहे?"

"नोकरी नाही बदलायची. पगार बदलायचा आहे. त्यासाठी बाहेरून यावं लागतं असं मला सांगितलं, म्हणून आले."

बाकीच्या चार जणांत सगळ्यांत चांगला निकाल होता एकतीस चुकांचा. ताईंनी त्रेचाळीस काढल्या. चाळीस पेरलेल्या आणि तीन मी नकळत केलेल्या. त्यातली एक तर चाचणीच्या सूचनेतच होती. मी आकडा वाचून दाखवला.

"वेग कमी पडला," धाकटे साहेब म्हणाले. "बाकीच्यांपेक्षा बारा मिनिटं जास्त. आजकाल कॉम्प्युटरवरचा वेग महत्त्वाचा."

कुठून बळ आलं माहीत नाही. कदाचित रागच असेल, पण तो त्यांच्यावर जेवढा होता तेवढाच माझ्यावर होता. मी म्हणालो, "वेग मी आठ दिवसांत शिकवतो. त्या जे करतात ते शिकायला सोळा वर्षं लागतात. आणि मला अडतीस मिळतात साहेब. माझी पानं त्याच दुरुस्त करतात."

धाकटे साहेब माझ्याकडे रागाने बघत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. ताई बघत होत्या. "पंचवीसच्या आत?" एवढंच म्हणाल्या. मला खाली बघावं लागलं.

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. माणूस तसा वाईट नाही, हे मी चाळीस वेळा स्वतःला सांगितलं आहे. ते म्हणाले, "ताई, या धंद्यात पैसा नाही हे तुम्हीही जाणता. आपण सगळे पुस्तकांवरच्या प्रेमापोटी इथे आहोत."

तेव्हा ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला.

"कागदवाला प्रेमापोटी कागद देतो का साहेब? छापखानेवाला? गठ्ठे वाहणारा टेम्पो? ते सगळे आधी पैसे घेतात, मग हात लावतात. प्रेम फक्त माझ्याकडूनच का घेता? तुमच्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोलच्या जागी प्रेम भरता का?"

"ताई, आवाज," धाकटे साहेब म्हणाले.

"आवाज आहे माझा. सोळा वर्षं काढला नाही म्हणून तुम्हाला नवीन वाटतोय."

मोठ्या साहेबांनी मुलाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मग धाकट्या साहेबांनी फार मोठं मन केल्याच्या थाटात जाहीर केलं : ताईंना 'वरिष्ठ संपादकीय साहाय्यक' हा हुद्दा आणि सव्वीस हजार.

"त्यातले 'वरिष्ठ' शब्दाचे किती आणि कामाचे किती?" ताईंनी विचारलं, आणि उठून गेल्या. रजा अर्ध्या दिवसाची होती, पण त्या खाली येऊन टेबलाशी बसल्या. एका पाककृतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका अर्धी राहिली होती.

निवड दुसऱ्याच मुलीची झाली. ते एक वेळ समजू शकतो. पण पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझे कान तापतात. न निवडलेल्या चौघांना पाठवायची पत्रं तयार झाली, आणि नियमाप्रमाणे ती तपासायला खाली आली. 'तपासून द्यावे.' वरच्यांच्या डोक्यात हे आलंसुद्धा नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान ताईंचा विचार तरी केला असं म्हणता आलं असतं. चार पत्रं. 'आपली निवड करता आली नाही याबद्दल खेद वाटतो.' तिसरं ताईंच्या नावाचं.

त्यांनी चारही तपासली. एका पत्त्यातला पिन क्रमांक चुकला होता, तो दुरुस्त केला. मग गठ्ठा वर पाठवला आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत.

माझ्याशी त्या अकरा दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे "पान बेचाळीस, तिसरी ओळ" एवढं बोलत, पण ते बोलणं नव्हे. बाराव्या दिवशी मीच गेलो. म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

"तू खोटं बोललास त्याचा राग नाही," त्या म्हणाल्या. पट्टीला टाचणी लावणं चालूच होतं. "भीती सगळ्यांनाच असते. पण तुझ्या खोट्याचा फायदा तुला नव्हता, त्यांना होता. एवढंही तुला कळू नये? याचा राग आहे. आणि तो लवकर जायचा नाही, उगाच माफी मागत बसू नकोस."

मी परत आलो. गेला नाही तो राग, पण बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी मुलाखतीनंतर सल्लागार बाई जिन्यात थांबल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. त्यांनी ताईंना एक फोन क्रमांक दिला होता. औषधाच्या कंपनीचा. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही, तो तपासायला माणूस पाहिजे होता. "तिथे तुमच्या नजरेची किंमत कळते," बाई म्हणाल्या होत्या. "एका शून्याची चूक झाली तर कंपनीवर खटला होतो. तुमच्या साहेबांवर यादीतल्या त्या त्रिकोणमितीसाठी कोण खटला करणार?"

ताई तिथे गेल्या. तिथली मुलाखत वीस मिनिटं चालली. पगार सेहेचाळीस हजार ठरला. मागितला नव्हता, त्यांनीच सांगितला.

राजीनामा दिला त्याच आठवड्यात नवी मुलगी कामावर आली. एक महिन्याची मुदत होती, म्हणजे शिकवणं आलंच. मला वाटलं, ताई तिला तोडून टाकतील. पहिले दोन दिवस तसंच वागल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी हातात पेन्सिल घेऊन रडवेली बसली होती. पानभर खुणा केल्या होत्या आणि अर्ध्या चुकीच्या. ताईंनी खुर्ची ओढली.

"तुला चौतीस मिळतात," म्हणाल्या. "चौतीसच्या मानाने हे फार कच्चं आहे."

"एकतीस," मुलगी म्हणाली.

"काय?"

"जाहिरातीत चौतीस होतं. मग म्हणाले, अनुभव दोन महिन्यांनी कमी आहे. आणि लग्न ठरलंय म्हटल्यावर विचारलं, टिकाल ना इथे. मी हो म्हणाले तर म्हणाले, आधी एकतीस, मग बघू."

मला वाटतं, ताईंचा खरा राग तिथे पेटला. स्वतःसाठी जेवढा नव्हता तेवढा. तोंड लाल झालं. "मग बघू," त्या दोनदा पुटपुटल्या. मग मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि महिनाभर तिला असं शिकवलं की बघत राहावं. खुणा कशा करायच्या, लेखकाला न दुखावता कसं लिहायचं, आकृती आणि मजकूर शेजारी ठेवून कसे जुळवायचे, बेरीज नेहमी उलट्या बाजूनेही कशी करून बघायची.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला. "मी चाललेय. मला कुणाचं भय नाही. तुम्हाला असेल तर लिहू नका." सगळ्यांत वर त्यांनी स्वतःचं नाव आणि तेवीस हजार पाचशे लिहिलं. मी पेन घेतलं आणि खाली अडतीस लिहिले. मग चित्रं काढणारी बाई. अठ्ठावीस. विक्रीवाल्याने बराच विचार करून लिहिले. शेवटी हिशेबनीस उठला, कागद वाचला, आणि विक्रीवाल्याचा आकडा खोडून खरा लिहिला. टेबलावर हसू फुटलं ते आवरेना.

तो कागद घेऊन नवी मुलगी, चित्रकार बाई आणि मी वर गेलो. सोपं नव्हतं. धाकट्या साहेबांनी नेमणूकपत्रातलं कलम वाचून दाखवलं. आम्ही जाहिरात वाचून दाखवली. तीन आठवडे ओढाताण चालली. अखेर मुलीला चौतीस झाले, चित्रकार बाईला एकतीस. माझी पुढच्या वर्षीची वाढ गेली. ताईंना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांचा निरोप समारंभ झाला, मोठे साहेब भाषणात दोनदा 'आमच्या घरच्या' म्हणाले. गळ्यात घातलेला हार ताईंनी तसाच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि उत्तरादाखल काही बोलायला नकार दिला.

दीड महिन्याने त्यांची माझी गाठ औषध कंपनीजवळच्या चहाच्या टपरीवर पडली. मला वाटलं, खुलल्या असतील. तशा दिसत नव्हत्या.

"काम कसं आहे?"

"रटाळ," म्हणाल्या. "तापाची गोळी, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. तेच तेच. पण बरोबर झालं तर कुणाचा तरी जीव वाचतो, म्हणून करते."

मग त्यांनी पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली. महिना संपला, पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप फोनवर आला. सेहेचाळीस हजार. त्या उठून हिशेब खात्यात गेल्या. तिथे कानावर पेन्सिल खोचलेला एक म्हातारा बसतो. त्याला विचारलं, "काही गफलत तर नाही ना झाली?"

म्हातारा घाबरला. "का हो, कमी आले का?" लगेच वही उघडून बघायला लागला. "नाही बाई, बरोबर आहेत. तुमच्या जागेवर आधी होते त्यांनाही हेच होते." आणि पेन्सिल परत कानावर खोचून दुसऱ्या कामाला लागला.

"एवढंच," ताई म्हणाल्या. "त्याला त्यात काही विशेष वाटलंच नाही रे. कुणी उपकार केले नाहीत, कुणी तक्ता दाखवला नाही. एका म्हाताऱ्याने एक आकडा भरला आणि झालं. मी जिन्यात जाऊन बसले. लोक येत-जात होते. आनंदाने रडतेय असं वाटलं त्यांना, एकीने तर पाठीवर हात ठेवून अभिनंदन केलं. मला तर भांडी फोडावीशी वाटत होती. इतकं सोपं होतं! सोळा वर्षं त्यांना फक्त भरायचा होता आकडा."

चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच एका घोटात संपवला, घड्याळात बघितलं, म्हणाल्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा कागद तीन वाजेपर्यंत द्यायचा आहे, चमचे की मिलिलिटर याचा घोळ करून ठेवलाय कुणीतरी, आणि रस्ता ओलांडून गेल्या.